साखर विरघळते आणि साखर करपते: मुलांना भौतिक आणि रासायनिक बदल कसे समजावून सांगायचे?

‘उलटा करता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक’ हा नियम बहुतेक मुलांना पाठ असतो. पण दळलेलं पीठ पुन्हा धान्य होत नाही, तरीही दळणं हा भौतिक बदलच असतो. मग खरा फरक कशात आहे? आणि तो स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून कसा शिकवता येईल?

साखर पाण्यात विरघळली, तर भौतिक बदल. साखर कढईत करपली, तर रासायनिक बदल. पाचवी ते आठवीच्या वयात प्रत्येक मूल कधी ना कधी ही उदाहरणं वहीत उतरवून घेतं. महाराष्ट्रात बालभारतीच्या सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. आठवीत रासायनिक बदलांसोबत रासायनिक बंध येतात आणि दहावीत रासायनिक अभिक्रिया व समीकरणं. म्हणजे पुढच्या सगळ्या रसायनशास्त्राचा पाया याच वयात घातला जातो.

अडचण अशी की हा धडा सोपा वाटतो. दोन रकाने करायचे, उदाहरणं लिहायची, परीक्षेत जोड्या लावायच्या. पण पुस्तकात नसलेलं उदाहरण समोर आलं की मुलं अडखळतात. कारण त्यांना यादी पाठ असते, पण त्यामागचा प्रश्न माहीत नसतो.

फरक नेमका काय?

प्रश्न एकच आहे: बदल झाल्यावर नवा पदार्थ तयार झाला का?

बर्फ वितळला तरी पाणीच राहतं. ते उकळून वाफ झाली तरी पाणीच राहतं. बर्फ, पाणी आणि वाफ या तिन्हींत कण तेच असतात. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू. बदलतं ते फक्त रेणूंमधलं अंतर, त्यांची रचना आणि त्यांची हालचाल. हा भौतिक बदल.

पाण्यातून वीज सोडून त्याचं विघटन केलं, तर मात्र हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वेगळे वायू मिळतात. त्यातला एक स्वतः जळतो, दुसरा जळायला मदत करतो. ज्या पाण्यानं आपण आग विझवतो, त्याचा एकही गुण या दोघांत उरत नाही. इथे रेणूच मोडले आणि अणूंच्या नव्या जोड्या जुळल्या. हा रासायनिक बदल.

वर्गात हे सहा मुलांना उभं करून दाखवता येतं. दोन मुलं ‘ऑक्सिजन’, चार मुलं ‘हायड्रोजन’. प्रत्येक ऑक्सिजननं दोन हायड्रोजनचे हात धरले की पाण्याचे दोन रेणू तयार झाले. दोन्ही गट जागेवरच डुलत राहिले तर बर्फ, एकमेकांजवळून सरकत राहिले तर पाणी, वर्गभर पळत सुटले तर वाफ. अट एकच: गटातले हात सुटता कामा नयेत. मग सांगायचं, ‘हात सोडा आणि आपल्यासारख्याचा हात धरा.’ आता ऑक्सिजनची एक जोडी आणि हायड्रोजनच्या दोन जोड्या तयार होतात. मुलं तीच सहा आहेत, कुणी आलं नाही की गेलं नाही. फक्त कुणी कुणाचा हात धरला आहे, ते बदललं. रासायनिक बदल म्हणजे एवढंच.

‘उलटा करता येतो’ हा नियम कुठे फसतो?

लहान इयत्तांमध्ये बदलांच्या अनेक जोड्या शिकवल्या जातात: सावकाश आणि जलद, नैसर्गिक आणि मानवनिर्मित, परतवता येणारे आणि न येणारे, उपयुक्त आणि हानिकारक. या प्रत्येक जोडीचा निकष वेगळा आहे. पण मुलांच्या डोक्यात त्या एकमेकींवर रचल्या जातात आणि ‘परतवता न येणारा म्हणजे रासायनिक’ असं समीकरण तयार होतं.

हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं.

एक बाजू: काचेचा पेला फुटला, गहू दळले, कागद फाडला, लाकडाचा भुसा केला. यातलं काहीही पूर्ववत होत नाही. तरीही काच काचच राहिली आणि गव्हातले घटक पिठातही तेच राहिले. हे सगळे भौतिक बदल आहेत.

दुसरी बाजू: मोबाइलची बॅटरी रोज उतरते आणि रोज चार्ज होते. बॅटरी वापरताना आत रासायनिक अभिक्रिया होते आणि चार्ज करताना ती उलट दिशेनं घडवली जाते. म्हणजे रासायनिक बदलही परतवता येतो.

हळदीचं उदाहरण तर घरातलंच आहे. पांढऱ्या कपड्यावर पडलेल्या आमटीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणातल्या अल्कलीशी अभिक्रिया करतं, म्हणून हा रंग येतो. पारंपरिक पद्धतीनं कुंकू करतानाही हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागतो, त्यामागचं कारण हेच. त्याच लाल डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा होतो. रासायनिक बदल झाला आणि डोळ्यांदेखत उलटाही झाला.

चुन्याचं चक्र: दगडापासून दगडापर्यंत

परतवता येणाऱ्या रासायनिक बदलाचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे चुना.

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातून कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो असेल, तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, प्रचंड तापतो आणि फुलून त्याचा मऊ चुना होतो. हाच चुना भिंतीला लावला किंवा वाळूत मिसळून दगडांच्या सांध्यांत भरला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू परत घेतो. पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे चुनखडीच.

महाराष्ट्रातले किल्ले आणि जुने वाडे या चुन्याच्या बांधकामावर उभे आहेत. अनेक किल्ल्यांवर आजही चुन्याच्या घाण्या दिसतात: गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. किल्ला पाहायला गेलेल्या मुलांना तिथेच विचारता येतं. घाणीत चुना आणि वाळू एकत्र मळली जाते, तो कोणता बदल? भौतिक. मिश्रण झालं, नवा पदार्थ झाला नाही. आणि तोच चुना पुढे भिंतीत दगडासारखा घट्ट होतो, तो? रासायनिक.

रंग, वायू, उष्णता: या खुणा आहेत, पुरावा नाही

रासायनिक बदल ओळखायच्या काही खुणा पुस्तकांत दिलेल्या असतात. रंग बदलतो, वास येतो, वायू बाहेर पडतो, उष्णता किंवा प्रकाश मिळतो, द्रावणात साका बसतो. त्या उपयोगी आहेत, पण फसव्याही आहेत. प्रत्येक खुणेला अपवाद सापडतो.

- वायू: थंड पेयाची बाटली उघडल्यावर फसफस होते, ती मुख्यतः दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडल्यामुळे. तो वायू आधीपासून आतच होता. म्हणून हा भौतिक बदल. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकल्यावर होणारी फसफस मात्र रासायनिक असते. तिथे कार्बन डायऑक्साईड नव्यानं तयार होतो.
- रंग: लोखंडाची सळी तापवली की लालबुंद होते. पण तो लाल रंग उष्णतेचा आहे. त्या लालीसाठी नवा पदार्थ लागत नाही.
- तापमान: ग्लुकोजची पावडर जिभेवर गार लागते, कारण ती विरघळताना उष्णता शोषून घेते. नवा पदार्थ तयार झालेला नसतो. उलट, सोडा आणि लिंबाची अभिक्रिया रासायनिक असूनही भांडं गार पडतं. ‘रासायनिक बदलात नेहमी उष्णता बाहेर पडते’ हा समज इथे मोडतो.
- तळाशी बसणारे कण: मिठागरात समुद्राचं पाणी उन्हानं आटतं आणि मिठाचे खडे उरतात. हे मीठ पाण्यात आधीपासूनच होतं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे भौतिक बदल.

म्हणून मुलांना खुणांची यादी देताना सोबत सांगायला हवं की खूण दिसली की थांबायचं आणि विचारायचं, ‘हा पदार्थ आधी इथे होता का?’ एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर संशय पक्का होतो.

मराठी क्रियापदं काय सांगतात?

या विषयासाठी मराठीत एक तयार साधन आहे, ते म्हणजे घरात रोज बोलली जाणारी क्रियापदं.

बर्फ वितळतो, साखर विरघळते, तूप थिजतं, पाणी गोठतं, कपडे सुकतात, पाणी आटतं. हे सगळे भौतिक बदल.

पीठ आंबतं, दूध नासतं, भाजी विटते, भात करपतो, लोखंड गंजतं, आंबा पिकतो, पाला कुजतो, तेल खवट होतं. हे सगळे रासायनिक बदल. पितळेच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं, तेही यातच. आंबट पदार्थातलं आम्ल धातूवर परिणाम करतं आणि ताकाची चव बिघडते. असं होऊ नये म्हणूनच भांड्यांना आतून कथलाची कल्हई करतात.

शिक्षक मुलांना घरातून अशी वीस क्रियापदं गोळा करून आणायला सांगू शकतात. आजी-आजोबांना विचारलं तर यादी आणखी वाढते. मग वर्गात एकेका शब्दावर चर्चा घेता येते.

या यादीतली एक जोडी वारंवार घोटाळा करते: वितळणं आणि विरघळणं. ‘साखर पाण्यात वितळली’ असं मुलं सर्रास म्हणतात. वितळायला उष्णता लागते आणि पदार्थ एकटाच स्थायूचा द्रव होतो. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो आणि पहिल्याचे कण दुसऱ्यात पसरतात. आइस्क्रीम वितळतं, गोळ्यावर ओतायचं सरबत करताना साखर विरघळते. दोन्ही बदल भौतिकच, पण वेगवेगळे. हा फरक या वयात स्पष्ट झाला नाही, तर पुढे द्रावण आणि अवस्थांतर हे दोन धडे एकमेकांत मिसळतात.

मुलांच्या मनात आधीपासून काय असतं?

मुलं वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाहीत. रॉजर ऑस्बोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह या संशोधकांनी न्यूझीलंडमधल्या ८ ते १७ वयोगटातल्या मुलांना उकळतं पाणी दाखवून विचारलं होतं की या बुडबुड्यांत काय आहे. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरं आली ती ‘हवा’, ‘उष्णता’ आणि ‘हायड्रोजन व ऑक्सिजन’ अशीही. बरोबर उत्तर आहे वाफ, म्हणजे वायुरूप पाणी. विशेष म्हणजे ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ हे उत्तर विज्ञान शिकलेल्या मोठ्या मुलांकडूनही येत होतं. पाण्यात हे दोन घटक असतात हे त्यांना शाळेत कळलं होतं, पण उकळल्यानं ते वेगळे होत नाहीत हे कळलं नव्हतं.

आपल्याकडेही असे काही पक्के समज आढळतात.

‘मेणबत्तीत फक्त वात जळते, मेण वितळतं.’ मग मेणबत्ती संपते तेव्हा मेण जातं कुठे? खाली सांडलेलं मेण गोळा केलं तरी ते थोडंसंच भरतं. खरं तर मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वितळणं आणि वाफ होणं भौतिक, जळणं रासायनिक. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी दिलेली सहा व्याख्यानं या एका मेणबत्तीवरच होती. निरांजनातलं तूप किंवा समईतलं तेलही असंच जळतं.

‘गंज लोखंड खातो, म्हणून वजन कमी होतं.’ गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि पाणी घेतं. ११२ ग्रॅम लोखंड ४८ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावून १६० ग्रॅम आयर्न ऑक्साईड होतं, शिवाय गंजात पाणीही असतं. म्हणजे पापुद्रे गळून न पडता गंजलेला खिळा मूळ खिळ्यापेक्षा जड असतो. कोकण किनाऱ्यावर खारट, दमट हवेमुळे ही क्रिया वेगानं होते. तिथल्या पत्र्यांना आणि खिडक्यांच्या गजांना सतत रंग द्यावा लागतो तो यासाठीच.

‘जळलं म्हणजे संपलं.’ कागद जळून चिमूटभर राख उरते, म्हणून मुलांना वाटतं की बाकीचं नाहीसं झालं. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी बंद भांड्यांत प्रयोग करून, आधी आणि नंतर काटेकोर वजनं घेऊन दाखवलं की काहीच नाहीसं होत नाही. वायू धरून हिशेब केला तर वस्तुमान तेवढंच भरतं.

घरी आणि वर्गात करता येतील असे चार प्रयोग

प्रयोगशाळा नसली तरी चालतं. मात्र जिथे ज्योत किंवा गरम भांडं आहे, तिथे मोठ्या माणसानं प्रयोग करायचा आणि मुलांनी पाहायचं.

१. एका साखरेचे दोन प्रवास. एका वाटीत चमचाभर साखर पाण्यात विरघळवा आणि पाणी उघड्या ताटलीत उन्हात ठेवा. काही दिवसांनी पाणी उडून साखर परत मिळते. दुसरी चमचाभर साखर जुन्या पळीत मंद आचेवर तापवा. ती आधी पातळ होते, मग तांबूस, मग काळी. शेवटी वाफ आणि धूर निघून कोळसा उरतो. हा कोळसा पाण्यात टाकला तर विरघळत नाही आणि तो गोडही नसतो. ज्या पदार्थात साखरेचा एकही गुण नाही, त्याला साखर म्हणायचं का? तापलेली साखर त्वचेला चिकटून गंभीर भाजतं, म्हणून मुलांना लांब ठेवा.

२. हरवलेलं वजन. कोल्ड्रिंकची एक लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या, काचेची नको. तिच्यात अर्धी वाटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. साधारण चार ग्रॅम खायचा सोडा टिश्यू पेपरच्या पुरचुंडीत बांधा. बाटली, झाकण आणि पुरचुंडी यांचं एकत्र वजन डिजिटल काट्यावर घ्या. पुरचुंडी आत टाकून लगेच झाकण घट्ट लावा. फसफस थांबल्यावर पुन्हा वजन घ्या, ते तेवढंच भरतं. आता तोंडापासून लांब धरून झाकण हळूहळू उघडा, वायू जाऊ द्या आणि बाटली, झाकण पुन्हा काट्यावर ठेवा. वजन एक-दीड ग्रॅमनं घटलेलं दिसेल. हिशेबानं ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड मिळतो, म्हणजे चार ग्रॅममधून साधारण दोन. त्यातला काही बाटलीत आणि द्रावणात राहतो. सोड्याचं प्रमाण मात्र वाढवू नका, कारण बंद बाटलीत दाब वाढतो.

३. हळदीचा कागद. हळदीच्या दाट पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून सुकवा. एकीवर साबणाचं पाणी, दुसरीवर लिंबाचा रस, तिसरीवर साधं पाणी टाका. साबणाची पट्टी लाल होईल. मग तिच्यावरही लिंबू पिळा. ‘उलटा झाला, तरी रासायनिक’ हे वाक्य मुलांना यानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही.

४. ज्योतीतलं पाणी. जळत्या मेणबत्तीवर काही सेकंद थंड, कोरडा स्टीलचा पेला उपडा धरा. आत बाष्प जमलेलं दिसतं. मेणात पाणी नव्हतं. मेणातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून ते तयार झालं. बर्फाच्या पेल्याबाहेर जमणारे थेंबही असेच दिसतात, पण ते हवेतल्या बाष्पाचे असतात. दिसायला सारखे थेंब, एक रासायनिक बदलातून आलेले, दुसरे भौतिक.

शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ करण्याचा प्रयोगही करतात. तो करताना मुलं नळीतून निवळी ओढून घेणार नाहीत, याकडे लक्ष हवं. चुना डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

दुधापासून तुपापर्यंत: एक पूर्ण धडा

एकाच उदाहरणावर आख्खा तास घ्यायचा असेल, तर घरच्या तुपासारखं उदाहरण नाही.

दुधाला विरजण लावलं की त्यातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लामुळे प्रथिनं एकत्र येतात आणि दही लागतं. रासायनिक बदल. दही घुसळलं की स्निग्धांशाचे विखुरलेले कण एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा वर येतो. नवा पदार्थ काही नाही, फक्त वेगळं करणं. भौतिक बदल. लोणी कढवताना आधी त्यातलं पाणी उडून जातं, हे भौतिक. मग तळाशी बेरी तांबूस होते आणि घरभर खमंग वास सुटतो, हे रासायनिक. तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पातळ होतं, हे भौतिक. ते फार दिवस राहून खवट झालं, तर रासायनिक.

यातून मुलांना एक महत्त्वाची गोष्ट कळते. एकाच कृतीत दोन्ही बदल असू शकतात. ‘तूप करणं हा कोणता बदल?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘यातल्या कोणत्या टप्प्यावर काय झालं?’ हा बरोबर प्रश्न.

शास्त्रज्ञही जिथे थांबून विचार करतात

काही उदाहरणं दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर बसतात. मीठ पाण्यात विरघळणं शाळेत भौतिक मानलं जातं, कारण पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. पण साखरेचे रेणू पाण्यातही अखंड राहतात, मिठाचे मात्र सोडियम आणि क्लोराईड असे आयन वेगळे होतात. अंडं उकडणं पुस्तकांत रासायनिक असतं. तिथे मुख्यतः प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात.

एखाद्या मुलानं अशी शंका काढली तर ‘पुस्तकात आहे तेच लिही’ म्हणून तिला गप्प करण्यापेक्षा, निसर्गात सगळीकडे काटेकोर रेषा नसतात हे सांगणं जास्त उपयोगाचं. परीक्षेत काय लिहायचं आणि प्रत्यक्षात काय घडतं, या दोन गोष्टी सातवीच्या मुलाला वेगवेगळ्या समजावून सांगता येतात.

परीक्षेपलीकडे हे का महत्त्वाचं?

‘नवा पदार्थ तयार झाला का?’ हा प्रश्न विचारायची सवय कधीकधी जीव वाचवते.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर ‘सफाई दुप्पट होईल’ असं वाटू शकतं. ते फक्त मिश्रण आहे, असा यामागचा समज. प्रत्यक्षात रासायनिक अभिक्रिया होऊन क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद बाथरूममध्ये तो प्राणघातक ठरू शकतो.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणंही असंच. हवा पुरेशी नसेल तर कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. खेळती हवा नसलेल्या बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोकाही हाच.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते दिसायला तेलच राहतं, पण त्यात नवी संयुगं तयार होत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या अशा ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं बंधन घातलं आहे. तेल काळं, दाट झालं, फेसाळलं आणि लवकर धुरू लागलं, की रासायनिक बदलाच्या खुणा समोरच असतात.

वर्गात किंवा घरी चर्चेसाठी काही प्रश्न

- कापूर उघडा ठेवला तर उडून जातो आणि आरतीत पेटवला तरी उरत नाही. दोन्हींत फरक काय?
- पापड भाजताना कोणता भाग भौतिक आणि कोणता रासायनिक?
- तांब्याचा तांब्या चिंचेनं घासला की चकचकीत होतो. काळपट थर कुठे गेला?
- इनोची पावडर पुडीत शांत असते, पाण्यात पडताच फसफसते. पाण्यानं काय केलं?
- इडलीचं पीठ रात्रीत फुगून वर आलं. त्याचं वजनही वाढलं असेल का?

या प्रश्नांची उत्तरं एका शब्दात देता येत नाहीत. मुलांनी ‘भौतिक’ किंवा ‘रासायनिक’ म्हटल्यावर ‘कशावरून?’ असं विचारलं, की खरी चर्चा सुरू होते. उत्तर चुकलं तरी चालेल, पण त्यामागचं कारण मुलांना सांगता यायला हवं.